हाताने दिलेला हिवाळा

भिंत आणि विहीर यांच्यामध्ये
तीन वीत जागा होती.
तिथे अळू यायचं, तेही मनाविरुद्ध.

मडगावच्या बाजारात सफरचंदाच्या पेट्या उतरवायला येणारा
दिलेराम ड्रायव्हर,
त्याने कुलूहून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली ही काठी.
म्हणाला, हे पसरत नाही, बाई.
खांबासारखं वर जातं, फळं अंगालाच धरतात.
फणसासारखी, मी मनात म्हटलं.

मी बेतूलला बर्फाच्या कारखान्यात लाद्यांचा हिशेब ठेवते.
बावीस वर्षं.
कुठल्या ट्रॉलरला किती, उधारी किती,
आणि वाटेत वितळलं ते कोणाच्या नावावर.
(ते कोणाच्याच नावावर नसतं. फटीतून जातं.)

अर्धं कापलेलं निळं पिंप,
तळाला चिऱ्याचे तुकडे, वर शेणखत,
विहीर उपसली तेव्हाचा गाळ.
पहिलं वर्षभर ते नुसतं उभं राहिलं,
नव्याने भरती झालेल्या पोलिसासारखं.

एस्पेरांसने कुंपणावरून मान काढली,
'हाका फांटे खंय गो?'
नाहीत, म्हटलं.
'मागीर सावळी?'
आहे की. सकाळी आठला धुण्याच्या दगडावर,
दुपारी आपल्याच पायाशी गोळा,
चारनंतर कुंपण ओलांडून तुझ्या खुराड्यावर,
चार बोटं रुंद.
तिची कोंबडीसुद्धा त्यात मावायची नाही.

दुसऱ्या वर्षी पानंच पानं.
तिसऱ्या वर्षीही.
दिलेराम म्हणाला, झोपल्याशिवाय ते फुलायचं नाही,
थंडी पाहिजे.
थंडी!
आमच्याकडे डिसेंबरात पहाटे
पायांशी चादर शोधतो, तेवढीच.
मग पानं काढा, तो म्हणाला. सगळी. हाताने.
त्याला वाटेल, आला हिवाळा.

एका रविवारी स्टुलावर चढले.
वरून खाली, एकेक.
देठापाशी टक्कन तुटतं,
तो आवाज मला अजून आवडत नाही.
हिरवी, धडधाकट, कोणाचं काही न बिघडवलेली पानं.
एस्पेरांस चर्चमधून येत होती.
थांबली, बोलली नाही,
छातीवर खूण करून आत गेली.

आणि बर्फ.
फलाटावर क्रेट ठेवतात तिथला फुटका चुरा
रोज संध्याकाळी जेवणाच्या डब्यातून आणायचा,
मुळांवर पसरायचा.
बांगड्याचा वास त्याला, कधी एखादा खवला.
वहीत लिहायचं: वितळलं.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
ते कोणाच्या तरी नावावर होतं.

एक्केचाळीस रात्री.
शेवटी शेवटी माझेच पाय गार पडायचे.

फेब्रुवारीत काठीच्या अंगावर,
कोपरापाशी, गुडघ्यापाशी म्हणू हवं तर,
कळ्या आल्या. मिटलेल्या गुलाबी, उमलल्या की पांढऱ्या.
सतरा. मोजायची सवयच आहे.
जोडीला दुसरं झाड नाही, तेव्हा फार आशा धरू नका,
दिलेराम फोनवर म्हणाला.
सोळा गळाली.

'पाद्रीच्या शाळेत आमी हाका मासां म्हणटालीं,'
एस्पेरांस म्हणाली.
मला ऐकू आलं मासा.
बरोबर आहे, म्हटलं, वास तसाच असेल.
तिच्या लहानपणी बोटीने यायचं म्हणे,
नाताळात, पातळ कागदात गुंडाळलेलं,
घरात एक. पोरं सहा.

मे संपता संपता तोडलं.
मोठ्या लिंबाएवढं,
एक गाल लाल, दुसऱ्याचं अजून ठरत नव्हतं.
विळीवर सहा फोडी केल्या,
का सहा, ते मला चिरताना कळलं नाही.
आंबट. तुरट. आम्ही मीठ लावलं.
एक मी, एक तिने.
उरलेल्या चार तिने कागदात बांधून नेल्या.
पाच भावंडांतली किती उरलीत
मी विचारलं नाही.

आता ते भिंतीच्या वर डोकावतं.
पानं मस्त आहेत, जाड, खालून लव असलेली.
पाणी घालताना मी डिसेंबर मनात आणत नाही.
झाडांना कळतं म्हणतात.